नकार द्या, कारणही द्या

ज्याचे घर त्याची मर्जी, हे तत्त्व भाड्याच्या बाजारात जगभर चालते आणि त्यात वावगे काही नाही. आयुष्याची कमाई घालून घेतलेला फ्लॅट परक्या माणसाच्या हाती द्यायचा, तर तो भाडे वेळेवर देईल का, घर नीट राखील का, मुदत संपल्यावर मुकाट्याने बाहेर पडेल का, हे मालक पारखून घेणारच. खुशाल घ्यावे. पण पारख झाल्यावर ‘नाही’ म्हणताना त्याने कारण सांगायचे की नाही? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर अर्धशतकापूर्वी कायद्यात लिहून टाकले. आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याचीही रीत नाही.

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबई-नागपुरातून एमएस करायला निघालेली मुले आणि नोकरीसाठी जाणारी जोडपी अमेरिकेत उतरतात आणि घर शोधू लागतात, तेव्हा पहिला धक्का बसतो. वडिलांनी मुदत ठेवी दाखवलेल्या असतात, बँकेचे शैक्षणिक कर्ज मंजूर असते, कोणाच्या हातात कंपनीचे नेमणूकपत्र असते. अपार्टमेंटच्या कार्यालयात मात्र विचारणा होते ती क्रेडिट स्कोअरची. ३०० ते ८५० च्या त्या मोजपट्टीवर नवख्याचा आकडाच नसतो. इथला आठशेच्या घरातला सिबिल तिथल्या मालकाच्या संगणकाला सहसा दिसत नाही. जन्मात कोणाचे देणे केले नाही, असा माणूस आपल्याकडे भला ठरतो. तिथे तो अनोळखी ठरतो, आणि यंत्राच्या लेखी अनोळखी माणूस आणि कर्जबुडव्या यांत फारसे अंतर नसते.

त्यात पगाराचे गणित. महिन्याच्या भाड्याच्या तिप्पट महिन्याची मिळकत, ही सर्रास अट. न्यूयॉर्क शहरातला रिवाज याहून कडक. वर्षाची मिळकत महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट हवी आणि ती नसेल तर जामीन राहणाऱ्याची ऐंशीपट. ‘सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घ्या, पण घर द्या’ हा आपला हुकमी तोडगाही तिथे चालत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१९ च्या कायद्याने डिपॉझिटला एका महिन्याच्या भाड्याची मर्यादा घातली आणि आगाऊ भाड्याची वाटही बुजवली. कायदा भाडेकरूच्या भल्याचाच. पण नवख्याच्या हातातला एकुलता एक पत्ता त्याने काढून घेतला. मग शुल्क घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्यांचे फावले. ज्याची पत नाही त्याने ती भाड्याने घ्यायची, आणि मग घर भाड्याने घ्यायचे.

असा अर्ज नाकारला जातो, यात नवल नाही. नाकारल्यावर जे हाती येते ते मात्र पाहण्यासारखे आहे. बहुधा एका पानाचा ईमेल. तुम्हाला घर न देण्याचा निर्णय पूर्णतः किंवा अंशतः अमुक कंपनीच्या अहवालावरून घेतला आहे. तिचे नाव, पत्ता, फोन हा असा. निर्णय त्या कंपनीचा नाही आणि त्याचे कारण ती सांगू शकणार नाही. साठ दिवसांच्या आत मागितलात तर अहवालाची प्रत फुकट मिळेल. त्यातली माहिती चुकीची किंवा अपुरी असेल तर हरकत घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. निर्णयात स्कोअर वापरला असेल तर तो आकडा, मोजपट्टीची दोन्ही टोके आणि आकडा खाली ओढणारी मुख्य कारणे, हेही द्यावे लागते. घर दिले पण अहवाल पाहून डिपॉझिट वाढवले, जामीन मागितला किंवा भाडे चढवले, तरी ही सूचना बंधनकारक. मजकूर कोरडा, वकिली, सहानुभूतीचा लवलेश नसलेला. तरीही नाकारलेल्या माणसाला त्यातून पुढे कोणाचे दार ठोठावायचे ते कळते.

हे पत्र घरमालकांच्या चांगुलपणातून आलेले नाही. ते आले १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यातून, आणि तो कायदा का करावा लागला हे आपल्या सोसायट्यांच्या कमिट्यांनी आवर्जून वाचावे. त्याआधी रिटेल क्रेडिट कंपनीसारख्या संस्था (हीच कंपनी १९७५ मध्ये इक्विफॅक्स झाली) माणसांच्या फायली ठेवीत. हप्ते थकले का, एवढ्यावर त्या थांबत नसत. गृहस्थ पितो किती, नवरा-बायकोचे पटते का, वागणूक कशी आहे, याच्याही शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा केलेल्या नोंदी त्यांत असत. त्यांच्या जोरावर विमा, नोकरी, उधारी नाकारली जाई आणि आपल्याविषयी कुठे काय लिहिले आहे याचा पत्ता त्या माणसाला लागत नसे. कायद्याने फायली ठेवायला बंदी केली नाही. ज्याच्याविषयी फाईल आहे त्याला ती उघडून पाहण्याचा हक्क दिला. शेजाऱ्याच्या कुजबुजीवर माणसाचे भवितव्य ठरवण्याचा तो अमेरिकी जमाना मागे पडला. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत तो अजून नांदतो आहे.

म्हणून तिथे सगळे आलबेल आहे, असे कोणी समजू नये. भाडेकरूची पारख हा आता तिथे मोठा धंदा आहे आणि धंद्याला घाई असते. नाव जुळले की माणूसही तोच, असे धरून एकाचे प्रताप दुसऱ्याच्या नावावर चढतात. भलत्याच माणसांचे गुन्हे अर्जदारांच्या अहवालात घातल्याबद्दल रिअलपेज या कंपनीला २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ३० लाख डॉलर भरायला लावले. २०२० मध्ये ॲपफोलिओने साडेबेचाळीस लाख डॉलर मोजले. सात वर्षांच्या मुदतीबाहेरच्या नोंदीही तिच्या अहवालांत निघाल्या होत्या. २०२३ मध्ये ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू-तपासणी शाखेवर दीड कोटी डॉलरची पाळी आली. घर खाली करवण्याचे जे दावे न्यायालयाने गुप्त ठेवले होते तेही तिने अहवालात छापले होते. नुसते नाव जुळवून नोंद चिकटवणे कायद्यात बसत नाही, असे ग्राहक वित्त संरक्षण विभागाला २०२१ मध्ये बजावून सांगावे लागले. ज्या समाजांत थोडकी आडनावे पुष्कळांत वाटलेली असतात त्यांना या घोळाचा फटका जास्त बसतो, हेही त्याने नोंदवले. पाटील, जोशी आणि शिंदे यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यात आपले मधले नाव वडिलांचे, एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. पासपोर्टवर नाव-आडनावाचे रकाने नीट भरलेले नसले, तर व्हिसावर पहिले नाव अज्ञात असल्याचा शिक्का घेऊनच माणूस तिथे उतरतो.

दुसरे दुखणे याहून खोल आहे. नोंद चुकीची असेल तर दाखवता येते. आकडाच अन्याय करत असेल तर काय दाखवायचे? मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी भाडेसाह्यावर राहणाऱ्या एका महिलेने वर्षानुवर्षे वेळेवर भाडे भरले होते आणि तसा जुन्या मालकाचा दाखलाही तिच्याकडे होता. सेफरेंट कंपनीच्या गुणांकात ती बसली नाही. दाद मागितली तर अपील घेत नाही, असे उत्तर मिळाले. भाड्याचा मोठा हिस्सा सरकार थेट मालकाला देते, ही गोष्ट त्या गुणांकाला ठाऊकच नव्हती, असे दाव्यात म्हटले होते. २०२४ मध्ये सुमारे तेवीस लाख डॉलरवर तडजोड झाली आणि अशा अर्जदारांपुरता तो गुणांक वापरण्यावर कंपनीने मर्यादा मान्य केली. दोष मात्र मान्य केला नाही. अहवाल कोणी दिला ते पत्रातून कळते, पण गुणांक तसा का पडला हे विचारायला समोर माणूस नसतो.

शिवाय वेळेचा मेळ बसत नाही. हरकत घेतल्यावर चौकशीला कंपनीला साधारण तीस दिवस मिळतात आणि चांगले घर तीन दिवस थांबत नाही. दुरुस्ती होते तोवर त्या घरात दुसऱ्याचे सामान लागलेले असते. अर्जाचे पंचवीस-पन्नास डॉलर तर कधीच गेलेले असतात. असे चार अर्ज फसले की विद्यार्थ्याचा महिन्याचा किराणा गेला.

तरीही तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांनी ते पत्र रागाने फेकून देऊ नये. त्यात नाव आहे त्याच कंपनीकडून अहवाल मागवावा. तीन मोठ्या पतमाहिती कंपन्यांचे अहवाल स्वच्छ असतील आणि तरी पारख करणाऱ्या चौथ्याच कंपनीच्या कागदात घोळ असेल, असे होते. नाव, जन्मतारीख, जुने पत्ते, दावे एकेक करून ताडून पाहावे. चूक असेल तर पुराव्यासह लेखी हरकत घ्यावी आणि दुरुस्त अहवाल मालकाकडे पाठवायला सांगावे. चूक नसून नुसता इतिहासच कोरा असेल, तर कार्यालयातल्या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही. नेमणूकपत्र, बँकेचा उतारा, विद्यापीठाचे पत्र पुढे ठेवावे आणि जामीन चालेल का ते विचारावे. पहिले वर्ष विद्यापीठाच्या निवासात किंवा आधीच करार असलेल्या घरात वाटेकरी म्हणून काढून, डिपॉझिट ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड वेळच्या वेळी फेडत राहावे. आणि मालकाने अहवाल मागवून नकार दिला पण अशी सूचनाच दिली नाही, तर ती मागावी. कायदा अर्जदाराच्या बाजूने आहे.

आता आपल्याकडे या. कोथरूड असो वा ठाणे, एजंटच्या पहिल्या फोनमध्ये भाडे किती परवडेल, हा प्रश्न बराच उशिरा येतो. त्याआधी ‘फॅमिली आहे ना?’, ‘व्हेज का?’ आणि ‘आडनाव काय म्हणालात?’ हे होऊन गेलेले असते. आधार, पॅन, पगाराच्या तीन स्लिपा व्हॉट्सॲपवर मागवल्या जातात. त्या पुढे कोणाकोणाच्या फोनवर फिरतात हे एजंटलाही सांगता येणार नाही. दोन दिवसांनी निरोप येतो, ‘मालकांचं काही नाही हो, सोसायटीचं जरा कडक आहे.’ संपले. कोण कडक, कशाबद्दल कडक, कोणत्या नियमाने कडक, याचे उत्तर नाही. मालकाला विचारावे तर तो कमिटीकडे बोट दाखवतो, कमिटी म्हणते आम्ही कुठे नाही म्हटले. अविवाहित मुलगी, घटस्फोटिता, मुसलमान, दलित, ‘नॉनव्हेज’ कुटुंब, वकील, पोलीस, पत्रकार: प्रत्येकाच्या वाट्याला तोच निरोप, त्याच गोड आवाजात.

यातली गंमत अशी की कमिटीला हा अधिकार दिला कोणी, असे विचारले तर कागद निघत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सध्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला आगाऊ कळवायचे असते. परवानगीचा अर्ज करून ताटकळायचे नसते. बिनभोगवटा शुल्कसुद्धा सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची ती सुरक्षेसाठी. त्याच्या ताटात काय वाढले जाते याचा त्या फॉर्मशी संबंध नाही. तरी ‘एनओसी’ नावाची एक चिठ्ठी रूढ झाली आहे आणि ती रोखून धरणे हाच कमिटीचा नकार. लेखी काही नाही, म्हणून दादही नाही.

हा पूर्वग्रह कल्पनेतला नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच नोकरीचे, फक्त नावाने वेगळे अर्जदार घरमालकांपुढे उभे केले. दलितांना आणि त्याहून जास्त मुसलमानांना नकार मिळाला किंवा जादा अटी लागल्या. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला मराठी म्हणून कार्यालयाला जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवे होते. पण ती चीड आली कारण तिथे नकाराचे कारण तोंडातून निसटले आणि कॅमेऱ्यात सापडले. जिथे कारण निसटत नाही, तिथे आपल्याला चीडही येत नाही. आणि ज्या कमिट्यांत आपण बसतो तिथे तर नाहीच नाही.

मालकांची भीती अगदी निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. १९४७ च्या भाडे कायद्याखाली गोठलेली भाडी आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे या शहरांनी पाहिले आहेत. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सच्या मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वाट दिली आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्काची तरतूद केली. ज्या भीतीसाठी कायद्याने तोडगा दिला, तिचे नाव पुढे करून आडनावे चाळण्याचे कारण उरत नाही.

आणि आता या कुजबुजीच्या जोडीला आकडाही येतो आहे. नवऱ्या मुलाचा सिबिल पाहून लग्न मोडल्याची बातमी २०२५ मध्ये आपल्याच मूर्तिजापुरातून आली होती. पीककर्जाला सिबिलची अट घालू नका, असे मुख्यमंत्र्यांना बँकांना दरडावून सांगावे लागते. जो आकडा कर्जासाठी काढला तो कर्जाची वेस ओलांडून लग्नाच्या मांडवात पोचला, तर भाड्याच्या घराच्या दारात पोचायला त्याला किती वेळ लागणार? पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्याने अहवाल कोणी पाहायचा यावर बंधने घातली आहेत. पण भाडेकरूलाच स्वतःचा अहवाल उतरवून पाठवायला सांगितले, की ती बंधने अलगद चुकवता येतात. अमेरिकेत दंड भरलेल्या त्या ट्रान्सयुनियनचीच सिबिलमध्ये बहुतांश मालकी आहे. तंत्र आणि धंदा दोन्ही दाराशी उभे आहेत. आपल्याकडे यायचे राहिले आहे ते फक्त ते एका पानाचे पत्र.

तेव्हा मागणी मोठी नाही. मालकाने कोणाला घर द्यावे हे सरकारने ठरवू नये. पण कागदपत्रे किंवा पतअहवाल मागवून नकार दिला, तर कशावरून दिला ते एका ओळीत कळवणे बंधनकारक करावे. कमिटी आड येत असेल तर तिने उपविधीचा क्रमांक लिहून सही करावी. क्रमांक नसेल तर तिचा आक्षेपही नाही, असे धरावे. व्यवहार फिसकटला की आधार-पॅनच्या प्रती पुसून टाकण्याची जबाबदारी एजंटवर असावी. डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा सुचवणारा केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा या बाबतीत गप्प आहे. महाराष्ट्राने लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची केली, ती घरबसल्या ऑनलाइन करून दाखवली. त्याच व्यवस्थेत नकाराच्या कारणाचा एक रकाना वाढवणे या राज्याला जड नाही.

लोक खोटी कारणे लिहितील, असा आक्षेप येईल. लिहितील. पण लिहिलेले खोटे पकडता येते. ‘भाडे परवडणार नाही’ असे लिहिणाऱ्यापुढे पगाराची स्लिप ठेवता येते, आणि एकाच कमिटीने एकाच आडनावाला तिसऱ्यांदा तेच कारण लिहिले तर ते सहकार उपनिबंधकापुढे नेता येते. ‘जरा कडक आहे’ हे मात्र कोणाहीपुढे नेता येत नाही. नकाराच्या त्या एका ओळीला ज्यांचा विरोध असेल, त्यांनी आधी एवढेच सांगावे, की तिथे लिहिता येणार नाही असे त्यांच्याकडे काय आहे?